मागचा बाक

लिओनीची बग्गी अंगणात शिरली तेव्हा दोन वाजून गेले होते. ओलँप खिडकीतून बघत होती. ती मनाशी म्हणाली, आता संपलं.

सगळ्यांनी दहाला जमायचं असं ठरलं होतं. तिच्या भावानं, नुमानं, स्वतः चिठ्ठी पाठवून दहा कळवले होते. दहा वाजता बाबांचा हात चांगला असे. महिनाभर ओलँपनं रोज पहाटेपासून त्यांना कामाच्या मेजापाशी बसवून पाहिलं होतं. कोपर मेजाला टेकायचं, श्वास रोखायचा, घड्याळाचं चाक ठेवायचं आणि मग श्वास सोडायचा. सकाळी दहापर्यंत दहातल्या आठ वेळा चाक नेमकं जागी बसे. बारानंतर दहातून तीनदा. दोन वाजता काय होतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी ते स्वतःच कोटाच्या खिशात हात घालून खोलीबाहेर निघून जात.

"धाकट्याचे मोजेच सापडेनात हो, वन्सं!" बग्गीतून उतरता उतरता लिओनी म्हणाली. "सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी कुठे सापडावेत? त्याच्या पायातच!"

ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. तिच्यामागून नुमा उतरला. तो काही हसला नाही. त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. ओलँपला कळायचं ते कळलं. हा उशीर मोज्यांमुळे झालेला नव्हता.

मारिदोरांच्या घरात नोव्हेंबरातल्या सेंट मार्टिनच्या दिवसाची एक रीत होती. बाबांचे, म्हणजे फिलेमोंचे, वडील अब्राम हे साधे शेतकरी. गाई गोठ्यात बांधल्या, बर्फानं वाट बंद झाली, की खिडकीशी बसून ते घड्याळाचे भाग घासायचे. खोऱ्यातले सगळेच घासायचे. पण एका हिवाळ्यात अब्रामनं पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एक अख्खं घड्याळ स्वतःच्या हातानं बनवलं. ते घड्याळ दर वर्षी या दिवशी पूर्ण सुटं करायचं, आणि घरच्या कर्त्यानं सगळ्यांसमोर ते पुन्हा जोडायचं. सूप आधी प्यायचं. मांस मात्र घड्याळ टिकटिकू लागल्यावरच कापायचं. ज्याच्या हातून घड्याळ चालू झालं तो पुढच्या मार्टिनपर्यंत घराचा आणि कारखान्याचा मालक. कागदपत्रं, वकील, सह्या हे सगळं त्याच्यामागून यायचं. फिलेमोंनी ते एकतीस वेळा जोडलं होतं. त्या काळात खिडकीशी बसणारे बारा जण दोनशे झाले, आणि नदीकाठी दोनशे खिडक्यांचा दगडी कारखाना उभा राहिला.

बत्तिसावी वेळ निभावली तर ते एक दार बंद करणार होते. तसा त्यांनी ओलँपला सप्टेंबरात शब्द दिला होता. दार मुलाम्याच्या खोलीचं.

त्या खोलीत सहा मुली काम करत. सोनं आणि पारा एकत्र खलायचा, त्याचं लोण्यासारखं लिंपण करायचं, ते ब्रशनं पितळी भागांवर लावायचं आणि भाग निखाऱ्यांवर धरायचे. पारा धूर होऊन उडून जातो, सोनं मागे राहतं. विजेच्या टाकीतला मुलामा निघून बरीच वर्षं झाली होती, पण त्याला हा दाट पिवळा रंग येत नाही, असं इस्तंबूलचे व्यापारी म्हणत. नुमानं त्यांच्याकडून बारा हजार घड्याळांची ऑर्डर आणली होती. सगळी निखाऱ्यावरच्या मुलाम्याची.

सप्टेंबरात त्या सहांपैकी अदलीन नावाच्या मुलीला काढून टाकलं. वय एकोणीस. हात थरथरतात, म्हणजे पिते, असं नुमानं वहीत लिहिलं. आमच्या खोऱ्यात थरथरत्या हाताचा दुसरा अर्थ नव्हता. ज्याचा हात हलला तो हिरवी पितो. हिरवी म्हणजे पाणी घातल्यावर दुधाळ होणारी कडू दारू. घरोघरी बाटली असायची आणि घरोघरी ती लपवलेली असायची. हातावर पोट असलेल्या लोकांत हाताची बदनामी सगळ्यात आधी होते.

"बसा, बसा सगळे," फिलेमों म्हणाले. त्यांनी काळा कोट घातला होता, दाढी विंचरली होती. हात खिशात होते.

सूप आलं. फिलेमोंनी सूप घेतलं नाही. "पोट भरलं की हात जड होतो," ते म्हणाले. ओलँपच्या शेजारी एस्तेरआत्या बसली होती. ती दोन्ही हातांत वाडगा धरून पीत होती, तरी सूप हनुवटीवर ओघळत होतं. ओलँपनं रुमालानं पुसलं. समोर लिओनीनं आपल्या मुलाची मान हळूच दुसरीकडे फिरवली.

"बघू दे की त्याला," एस्तेर म्हणाली. "म्हातारं माणूस कसं सूप पितं ते कळेल पोराला."

"तसं नाही हो, आत्याबाई. पोरं उगाच काहीतरी विचारतात."

"मग सांग त्याला, आत्याआजी दारू पिते म्हणून. तू तेच सांगतेस ना?"

लिओनी लाल झाली. फिलेमों खिडकीकडे बघत होते.

एस्तेर त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. कारखाना उभा राहायच्या आधी स्वयंपाकघरातल्या चुलीवर ती बावीस वर्षं मुलामा चढवत होती. पहिली काही वर्षं फिलेमोंही तिच्याबरोबर असत. मग ते माल विकायला फिरू लागले आणि ती चुलीशीच राहिली. आधी तिच्या हिरड्या काळ्या पडल्या, मग दात गेले, मग हात हलू लागले. तिचं लग्न मोडलं. गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. चर्चमध्ये अगदी मागे, गॅलरीच्या सावलीत एक बाक आहे. तिथे बसायचा हुकूम कुणी कुणाला देत नाही. ज्याचं नाव खराब झालं त्याला पुढे कुणी सरकून जागा देत नाही, इतकंच. एस्तेर तीस वर्षं त्या बाकावर बसत होती. तिचा भाऊ पहिल्या बाकावर बसे. त्यावर त्याच्या नावाची पितळी पट्टी होती.

पारा हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नाही. तो उच्चारला असता तर त्या खोलीत आपली पोरगी कुणी पाठवली असती? दोन वर्षांपूर्वी मुली घाबरू लागल्या, तेव्हा फिलेमोंनी आपली खुर्ची उचलून त्या खोलीतच मांडली आणि रोज तिथे बसून कागद वाचू लागले. बघा, मी बसतो ना, मला काय झालंय? माणूस एखादी गोष्ट इतकी वर्षं सांगतो की शेवटी ती त्यालाच खरी वाटू लागते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा हात हलू लागला. वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेला जाणारी घड्याळं तेव्हापासून दार लावून ओलँपच नीट करत होती. बक्षीस मात्र त्यांच्या नावावर येई. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला ते एक दार बंद व्हायला हवं होतं.

सुपाचे वाडगे उचलले. भाजलेलं डुकराचं मांस मोठ्या ताटातून आलं आणि मेजाच्या मधोमध ठेवलं. सुरी शेजारी, झाकलेली.

फिलेमों खिडकीशी ठेवलेल्या कामाच्या मेजाकडे गेले. घंटेच्या आकाराच्या काचेच्या झाकणाखाली पांढऱ्या कागदावर घड्याळाचे तुकडे ओळीनं मांडलेले होते. त्यांनी हात खिशातून बाहेर काढले. मग भिंग डोळ्याला लावलं.

खोलीत सगळ्यांनीच ते हात पाहिले.

पहिले मोठे भाग बसले. तळाचा पत्रा, मोठ्या स्प्रिंगची डबी, दोन चाकं. ते बोट दाबून, दातओठ खाऊन करत होते. वेळ लागत होता. ताटातल्या मांसाची चरबी हळूहळू पांढरी होऊ लागली. लिओनीच्या पोरानं "आई, भूक" म्हटलं आणि तिनं त्याला पावाचा तुकडा दिला. नुमा भिंतीला टेकून उभा होता.

तिसरं चाक चिमट्यातून निसटलं. ते कागदावरच पडलं म्हणून वाचलं. फिलेमोंनी ते पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं.

"उजेड कमी झालाय का?" नुमानं विचारलं. त्याचा आवाज मऊ होता. "दिवा आणू?"

"उजेड आहे," फिलेमों म्हणाले.

ओलँप उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. "कोपर टेका," ती कुजबुजली. "श्वास धरा."

"हे चालणार नाही हं, वन्सं," लिओनी म्हणाली. "एकट्यानंच करायचं असतं ना? मी या घरात नवी आहे, पण हे तरी मला सांगितलंय."

"अकरा वर्षं झाली तुला येऊन," एस्तेर म्हणाली. "अजून नवीच?"

तिसरं चाक बसलं. चौथंही. कसं बसलं ते देवाला ठाऊक. मग त्यांनी बॅलन्स, म्हणजे टिकटिक करवणारं चाक, उचललं. तळाशी केसासारखी बारीक स्प्रिंग लोंबणारं ते चाक एखाद्या जिवंत गोष्टीसारखं चिमट्याच्या टोकाशी उडू लागलं. ते खाली आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. चाक डावीकडे जाई, उजवीकडे जाई. त्यांच्या दाढीतून घामाचा थेंब कागदावर पडला. मग सगळा हातच झटका बसल्यासारखा हलला आणि चिमटा घड्याळात रुतला. स्प्रिंग ओढली गेली, वाकडी झाली. आता ती ओलँपखेरीज कुणाला सरळ करता येण्यासारखी नव्हती.

फिलेमोंनी चिमटा खाली ठेवला.

मग नुमा भिंतीपासून पुढे आला. "बाबा, मी विचारणार नव्हतो. पण आता सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही... घेता का?"

लिओनीनं सुस्कारा सोडला. तिचे खांदे सैल झाले. कोडं सुटलं होतं, आणि उत्तर ओळखीचं होतं.

"बाबा," ओलँप म्हणाली. "सांगा त्याला."

फिलेमोंनी मान वर केली नाही.

"एकच शब्द आहे, बाबा. सांगा. कशानं हलतो हात ते सांगा. तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. आत्याला तर तीस वर्षं माहीत आहे."

फिलेमोंनी खिडकीतून खाली पाहिलं. तिथून नदी दिसत होती आणि नदीकाठचा कारखाना. उतरत्या उन्हात खिडक्या एकेक करून पेटल्यासारख्या चमकत होत्या. मग त्यांनी एस्तेरकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मांडीवरच हलत होते. तिनं फक्त वाट पाहिली. ओलँपला वाटलं, ही बाई याच क्षणासाठी इतकी वर्षं जिवंत राहिली असावी.

"नुमा," फिलेमों म्हणाले, "गिऱ्हाइकांसाठी तू कपाटात हिरवी ठेवतोस ना? आण ती."

"बाबा!"

"आण म्हणतो ना."

नुमानं बाटली आणली. फिलेमोंनी पाणी न घालताच पेला भरला. अर्धी मेजावर सांडली. त्यांनी पेला दोन्ही हातांनी उचलला आणि घटाघटा प्यायले. त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. सत्तरीच्या त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा दारू घेतली होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं, आणि प्रत्येकानं ते न दिसल्यासारखं केलं.

"हो," ते म्हणाले. "पितो मी. दोन वर्षं झाली. आता काम तू बघ."

ओलँपला कानात शिटी वाजल्यासारखं झालं. तिला ओरडायचं होतं, पण त्याआधी शेजारून एक हलता हात पुढे आला. हातात सुपाचा रिकामा वाडगा होता.

"मलाही थोडी दे, फिलू," एस्तेर म्हणाली.

"एस्तेर..."

"दे रे. तीस वर्षं पिणारी म्हणून नाव आहे. चव तरी कळू दे."

फिलेमोंनी वाडग्यात ओतली. बाटलीचं तोंड वाडग्याच्या काठावर टकटक वाजत होतं, कारण दोघांचेही हात हलत होते, आणि एका तालात हलत नव्हते. एस्तेर एक घोट प्यायली. तिनं तोंड वाकडं केलं.

"शी! या असल्या चिखलापायी माझं लग्न मोडलं होय?"

तिनं वाडगा खाली ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही.

नुमानं घसा खाकरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बारा हजार घड्याळं मार्चपर्यंत पोचवायची होती. "ताई," तो म्हणाला, "मांस गार होतंय. घड्याळ तू जोड. माझ्या हातात चिमटा नाही बसत, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वतीनं जोड."

"मुलाम्याची खोली बंद करशील?"

"ऑर्डरवर सही झालीये गं."

"विजेच्या टाकीत करा."

"त्यांना तो रंग चालत नाही. मार्चपर्यंत तर थांब. मार्चनंतर बोलू."

ओलँपनं उजवा हात पुढे केला. बोटं पसरून, तळवा खाली. दगडासारखा स्थिर हात. सगळं खोरं ज्याची शपथ घेई असा हात.

"बघ," ती म्हणाली. "हलतोय."

"काय?"

"हलतोय माझा हात. आजपासून. स्प्रिंग बसवता येणार नाही मला. वेधशाळेची घड्याळंही नाहीत. गावाला सांग, ओलँप मारिदोरही प्यायला लागली. आपल्या घरात तसं सांगायची पद्धत आहेच."

"धमकी देताय तुम्ही, वन्सं!" लिओनी म्हणाली.

"नाही गं. आजारी पडलेय."

नुमानं बाबांकडे पाहिलं. ओलँपनंही पाहिलं. अजूनही एक शब्द पुरे होता. फिलेमोंनी बाटलीकडे हात नेला आणि दुसरा पेला भरला.

ओलँपनं स्वतःचं भिंग डोळ्यावरून काढलं. ते तिनं केव्हा लावलं होतं तेही तिला आठवत नव्हतं. भिंग तिनं घड्याळाच्या सुट्या तुकड्यांशेजारी ठेवलं आणि आत्याला उठवलं. मारिदोरांच्या घरात पहिल्यांदाच मांसाला सुरी न लागता ताट आत गेलं.

मंगळवारी नुमानं मुकादमांना बोलावून सांगितलं की बाबांची प्रकृती ठीक नाही, आणि पुढे आवाज उतरवून जे सांगायचं ते सांगितलं. बुधवारपर्यंत ते बेकरीत पोचलं. शनिवारी खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाची माणसं म्हणत होती, तरीच! बहीणही तशीच ना. रक्तातच आहे त्यांच्या. ओलँप त्या आठवड्यात कारखान्यात गेली नाही. मुलाम्याच्या खोलीचं धुराडं रोज सकाळी सातला धूर सोडू लागे, आणि ते तिच्या खिडकीतून दिसे. अदलीनच्या जागी सहावी मुलगी आली होती. बेकरीवाल्याची पुतणी.

रविवारी बर्फ पडला. ओलँप एस्तेरला घेऊन चर्चला गेली आणि तिच्याबरोबर मागच्या बाकावर बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अदलीन होती, शालीत हात गुंडाळून. तिच्या आईनं तिला तिथे सोडलं होतं आणि स्वतः चार बाकं पुढे जाऊन बसली होती.

घंटा थांबली आणि फिलेमों आत आले. काळा कोट, विंचरलेली दाढी. सगळ्या माना वळल्या आणि सगळ्या परत सरळ झाल्या. ते मधल्या वाटेनं सावकाश पुढे गेले. पहिल्या बाकावर, पितळी पट्टीपाशी, लिओनी बसली होती. तिच्या शेजारी दोन मुलं, मुलांच्या शेजारी तिची शाल, शालीपलीकडे तिचं हातपाकीट. ती प्रार्थनेचं पुस्तक वाचत होती. नुमा बुटांकडे बघत होता.

फिलेमों तिथे उभे राहिले. कुणी सरकलं नाही.

ते वळले. प्रार्थनेआधी त्या वाटेनं ते एकतीस वर्षं फक्त पुढच्याच दिशेनं चालले होते. आता उलटे चालत ते गॅलरीच्या सावलीत येऊन थांबले.

"एस्तेर," ते हळू म्हणाले. "जागा आहे?"

"तीस वर्षं रिकामीच आहे," एस्तेर म्हणाली आणि सरकली. "बस."

पाद्रींनी स्तोत्राचा आकडा सांगितला. सगळे उठले. मागच्या बाकावर तिघांनी पुस्तकं उघडली आणि तिघांच्याही पुस्तकांची पानं फडफडू लागली. म्हातारीची, पोरीची आणि मालकाची, एकसारखी. ऑर्गन सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत तेवढाच आवाज होता, पाकोळी कोंडल्यासारखा. ओलँपनं तो ऐकला आणि तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच ऐकत नाही आहोत.

लगेच पुढच्या बाकावरच्या कालामबाईंनी मान वळवली. त्यांची मुलगी बेर्त दोन वर्षं मुलाम्याच्या खोलीत होती. कालामबाईंनी एस्तेरच्या हातांकडे पाहिलं. मग अदलीनच्या. मग फिलेमों मारिदोरांच्या. त्या घाई न करता, बाजारात फळं निवडताना बघतात तसं एकेक हात बघत होत्या. फिलेमोंनी हात लपवले नाहीत. ते लपवू शकत होते, पुस्तक मिटू शकत होते. त्यांनी मिटलं नाही. नजर खाली ठेवून, हलणारं पुस्तक तसंच, जरा उंच, धरून ते उभे राहिले.

ऑर्गन वाजू लागला. लोक गाऊ लागले. कालामबाई गायल्या नाहीत. त्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या.

"बेर्त," त्या म्हणाल्या, "हातमोजा काढ. आणि हात पुढे कर बघू."